मायक्रोफोनची पारख



गाणें आवडलें म्हणजे आपण गायकाचें नांव विचारतों, रागाचें विचारतों, साथीला कोण होतें याचीहि चौकशी करतों. परंतु गायकाच्या तोंडापुढें कोणता मायक्रोफोन उभा होता, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. वास्तविक ज्याचें गाणें आपण समोर बसून ऐकलें नाहीं, त्याचा कंठ आपल्यापर्यंत पोंचतो तो या एका यंत्राच्या कानांतून. त्या कानानें जें ऐकलें तेंच पुढच्या पिढ्यांना मिळतें. जें त्यानें सोडून दिलें तें कायमचें गेलें.

ही गोष्ट मला स्वतःच्या चुकीमुळें कळली. कांहीं वर्षांपूर्वीं एका वृद्ध गायिकेचीं गाणीं ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचें काम मजकडे आलें. बाईंचें वय झालें होतें, परंतु सुरांतला गोडवा गेला नव्हता. मीं मोठ्या हौसेनें, केवळ नांव आणि किंमत पाहून, व्हॉल्व्हचा एक भारी कंडेन्सर मायक्रोफोन भाड्यानें आणला. बाईंच्या आवाजाला तो मानवतो कीं नाहीं हें अगोदर पाहावें, एवढें साधें शहाणपण मला सुचलें नाहीं. मुद्रण ऐकलें तेव्हां प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा कानांत टोंचूं लागला. आणि समोर बसून ऐकतांना जाणवतहि नसे असा वयाचा कंप भिंगाखालीं धरल्यासारखा मोठा झाला. पुन्हां मुद्रण करावयाचें ठरलें, पण त्यापूर्वींच बाई गेल्या. यंत्र निर्दोष होतें. पारख माझी चुकली. तेव्हांपासून मी या यंत्राच्या इतिहासाकडे वळलों. तोच आज आपणांस थोडक्यांत सांगणार आहें.

ग्रामोफोनच्या पहिल्या काळांत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हताच. गवई कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गात असे, आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढीत असे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें तें याच रीतीनें. कर्ण्याला जोरकस आवाज कळे. श्वास, कुजबूज, हळुवार मींड त्याच्यांत हरवून जाई. १९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोननें घेतली.

कंडेन्सर मायक्रोफोनचा जन्म मात्र त्याहि आधींचा आहे. १९१६ सालीं अमेरिकेंत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या सेवेंत असलेले ई. सी. वेंट यांनीं तो बनविला आणि १९१७ सालीं त्याची शास्त्रीय माहिती प्रसिद्ध केली. गंमत अशी कीं, तो गाण्यासाठीं नव्हताच. आवाजाची तीव्रता अचूक मोजण्याचें तें प्रयोगशाळेंतील साधन होतें.

त्याची रचना सांगावयास सोपी आणि करावयास अवघड आहे. तबल्याच्या पुडीसारखा ताणलेला, परंतु केसाहूनहि पातळ असा एक पडदा. त्याच्या मागें अगदीं जवळ, पण त्याला न टेंकणारी अशी धातूची एक चकती. दोहोंमध्यें विजेचा दाब दिलेला असतो. आवाजानें पडदा हलला कीं मधलें अंतर सूक्ष्म प्रमाणांत कमीजास्त होतें, आणि त्याबरोबर विजेचा दाबहि हेलकावे घेतो. त्या काळीं प्रचलित असलेल्या कोळशाच्या मायक्रोफोनमध्यें कणांची खरखर सतत चालू असे. येथें खरखरण्यासारखे कणच नाहींत. मात्र या पडद्यापासून मिळणारा संकेत इतका नाजूक असतो कीं लांब तारेंतून तो जिवंत पोंचत नाहीं. म्हणून पडद्याच्या पायथ्याशींच, त्याच नळकांड्यांत, एक व्हॉल्व्ह बसवून त्या संकेताला बळ द्यावें लागतें. पडदा आणि व्हॉल्व्ह यांचा संसार असा पहिल्या दिवसापासून एकत्र आहे. एकाचें दुखणें दुसऱ्याला भोंवतें.

प्रयोगशाळेंतील हें साधन नभोवाणीच्या रोजच्या उपयोगास आणण्याचें मोठें श्रेय बर्लिनचे गेओर्ग नॉयमन यांजकडे जातें. त्यांचा जन्म १८९८ सालचा. ओयगेन राइस यांच्याबरोबर काम करीत असतांना संगमरवराच्या ठोकळ्यांत कोळशाची पूड भरलेला मायक्रोफोन तयार करण्यांत त्यांचा हात होता. पुढें १९२८ सालीं, म्हणजे मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, त्यांनीं स्वतःचा कारखाना काढला आणि 'सी.एम.व्ही. ३' हा कंडेन्सर मायक्रोफोन विक्रीस आणला. त्याच्या आकारावरून लोक त्याला 'नॉयमनची बाटली' म्हणूं लागले.

यानंतरच्या दशकांत जर्मन नभोवाणींतील फॉन ब्राउनम्यूल आणि वाल्टर वेबर या दोघां अभियंत्यांनीं एक महत्त्वाची सुधारणा केली. चकतीच्या एकाच बाजूस पडदा न ठेवतां त्यांनीं दोन्ही बाजूंस एकेक पडदा बसविला आणि चकतीला छिद्रें पाडलीं. पुढचा पडदा एकटाच जोडला म्हणजे समोरचा आवाज स्पष्ट येई आणि पाठीमागचा जवळजवळ बंद होई. दोन्ही जोडले म्हणजे चोहोंकडचें ऐकूं येई. याच वेबर यांनीं १९४० सालीं चुंबकीय फितीवरील मुद्रणांतील खरखर एकदम कमी करणारी युक्ति शोधून काढली. स्वच्छ ऐकणें आणि ऐकलेलें स्वच्छ राखणें, हीं दोन्ही कामें अशीं एकाच माणसाच्या हातून पुढें सरकलीं.

मग महायुद्धाचा फेरा आला. १९४३ सालीं बाँबवर्षावांत बर्लिनच्या कारखान्याची हानि झाली आणि बिऱ्हाड थुरिंजिया प्रांतांतील गेफेल या लहानशा गांवीं हलविण्यांत आलें. युद्ध संपल्यावर तें गांव रशियाच्या ताब्यांतील भागांत गेलें. नॉयमन यांनीं पश्चिम बर्लिनमध्यें पुन्हां श्रीगणेशा केला. गेफेलचा कारखानाहि बंद पडला नाहीं. एका घराच्या दोन चुली झाल्या, आणि दोन्हींवर तोच स्वयंपाक चालूं राहिला.

या पडझडींतून १९४९ सालीं 'यू ४७' बाहेर पडला. ब्राउनम्यूल-वेबर यांच्या तत्त्वावरचे दोन पडदे, वीतभर लांबीचें धातूचें नळकांडें, आणि पोटांत टेलिफुन्केन कंपनीचा 'व्ही.एफ. १४' नांवाचा पोलादी कवचाचा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह संगीतासाठीं मुळीं जन्मलाच नव्हता. तो घरगुती रेडिओसाठीं काढलेला होता. परंतु त्याचा एक गुण नॉयमन यांनीं हेरला. तो तापविण्यास वीज फारच थोडी लागे, त्यामुळें पडद्याची आणि व्हॉल्व्हची सगळी भूक १०५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यांतून भागे. शिवाय व्हॉल्व्ह ५५ व्होल्टवर तापविण्याचा नियम असतांना नॉयमन यांनीं तो सुमारें ३६ व्होल्टवरच, मंद आंचेवर ठेवलेल्या दुधासारखा, राखला; त्यामुळें त्याची स्वतःची सळसळ कमी झाली. एवढ्यावरहि समाधान न मानतां प्रत्येक नग तपासला जाई, आणि जो खरोखर शांत निघे त्याच्यावर 'एम' हें अक्षर उमटे.

विक्री टेलिफुन्केनच्या जाळ्यामार्फत होत असल्यामुळें अमेरिकेंत पुष्कळ जण या मायक्रोफोनला टेलिफुन्केनच म्हणत. कॅपिटॉल कंपनीसाठीं गातांना फ्रँक सिनात्रा यांच्यापुढें तो उभा असे. लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ई.एम.आय.च्या स्टुडिओंत जॉर्ज मार्टिन यांनीं बीटल्सचें गाणें मुद्रित केलें तें 'यू ४७' आणि त्याचें भावंड 'यू ४८' यांच्यापुढें. ज्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या आपल्या घरोघर वाजल्या, तिचेंच हें विलायतेंतील माहेर.

परंतु वैभवाचें मूळ जेथें, तेथेंच संकटाचेंहि मूळ होतें. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेलिफुन्केननें 'व्ही.एफ. १४' काढण्याचें थांबविलें. रेडिओचा एक जुना व्हॉल्व्ह बंद करणें ही कारखान्याच्या दृष्टीनें हिशेबाची किरकोळ बाब. मायक्रोफोनच्या दृष्टीनें मात्र तें हृदय बंद पडण्यासारखें होतें. त्यांतच जुन्या पडद्यांचें प्लॅस्टिक वर्षानुवर्षांनीं कडक आणि ठिसूळ होऊं लागलें. आज एकाच कारखान्यांतून, एकाच वर्षीं निघालेले दोन 'यू ४७' शेजारीं ठेवले तर ते सारखेच ऐकतील अशी खात्री देतां येत नाहीं. कीर्ति एक, पण कान दोन.

यावर नॉयमन यांचें उत्तर १९६० सालीं आलें. 'यू ६७' मध्यें त्यांनीं सहज मिळणारा 'ई.एफ. ८६' हा व्हॉल्व्ह घातला. आणि गायक आतां मायक्रोफोनच्या अगदीं जवळ उभे राहतात हें ओळखून त्याचा स्वभाव सौम्य केला. तिकडे व्हिएन्ना शहरांत १९४७ सालीं स्थापन झालेल्या ए.के.जी. कंपनीनें १९५३ सालीं 'सी १२' काढला होता. त्याची दिशा दूर ठेवलेल्या पेटींतून नऊ प्रकारांनीं बदलतां येई, आणि वरच्या पट्टींत त्याचा आवाज उजळ होता. पुढें टेलिफुन्केननेंहि आपला 'एला एम २५१' याच कंपनीकडून करवून घेतला. 'यू ४७' भरदार, 'सी १२' उजळ, 'यू ६७' समतोल, असें जाणकार म्हणत आले आहेत. या शब्दांत तथ्य आहे. परंतु तें मुलीच्या स्थळाबद्दल शेजाऱ्यांनीं दिलेल्या माहितीइतकेंच. प्रत्यक्ष पाहिल्यावांचून लग्न जमवूं नये.

१९६७ सालीं 'यू ८७' आला, व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरनें घेतली, आणि या घराण्याचा शेवट झाला असें वाटलें. झालें उलट. जुन्या व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनांच्या किंमती चढत गेल्या. अनेक कारखाने त्यांच्या धर्तीवर नवे बनवूं लागले. आणि २०१८ सालीं खुद्द नॉयमन कंपनीनेंच 'यू ६७' पुन्हां विक्रीस आणला.

अशा स्थितींत निवड करणाऱ्यानें काय करावें? या इतिहासांतून मला चार गोष्टी उमगल्या. पहिली ही कीं, व्हॉल्व्ह उद्यां मिळेल काय हें आधीं विचारावें. दुसरी, यंत्र जुनें असेल तर पडदा मूळचा आहे कीं बदललेला, आणि व्हॉल्व्ह कोणता, याचा पुरता तपास केल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. तिसरी, हा कान तिखट असतो. त्याला पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा भोंगाहि ऐकूं येतो. यास्तव खोली शांत करण्याआधीं भारी मायक्रोफोन घेणें म्हणजे गळक्या घरांत गालिचा अंथरणें होय. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: ज्याचा आवाज मुद्रित करावयाचा त्यालाच समोर बसवावें, व्हॉल्व्ह नीट तापूं द्यावा, दोन-तीन मायक्रोफोन पालटून पाहावे, वीतभर पुढें-मागें सरकवावे, आणि नांवाची पाटी न पाहतां, डोळे मिटून, निर्णय करावा. उजळ कंठाला उजळ मायक्रोफोन बहुधा बोंचतो. जाड, दबलेल्या कंठाला तोच जीवदान देतो.

नॉयमन यांची थोरवी मला त्यांच्या कारखान्यापेक्षां या गोष्टींत दिसते, कीं रेडिओसाठीं काढलेला एक सामान्य व्हॉल्व्ह त्यांनीं नांवावरून घेतला नाहीं आणि नांवावरून टाकलाहि नाहीं. तो ऐकला, तपासला, आणि जो शांत निघाला तोच ठेवला. मीं भाड्यानें आणलेल्या मायक्रोफोनची किंमत मला तोंडपाठ होती. त्या बाईंनीं माझ्यासमोर अर्धा तास गुणगुणत बसावें आणि मीं नुसतें ऐकावें, एवढी सवड मात्र मीं काढली नाहीं. तें मुद्रण मजजवळ अजून आहे. तें मी कोणाला ऐकवीत नाहीं. परंतु नवा आवाज मुद्रित करावयाचा असला कीं त्याच्या आदल्या रात्रीं मी एकदां ऐकतों.