जुनी कॅडिलॅक: रिस्टोर करायची की मॉडिफाय?
फोनमध्ये कस्टम रॉम टाकण्याआधी आपण बॅकअप घेतो. जुन्या गाडीत बदल करतानाही तोच प्रश्न असतो: परत मूळ स्थितीत येता येईल का?

१९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोम बघा. किंमत १३,०७४ डॉलर, छप्पर स्टेनलेस स्टीलचं आणि १९५७-५८ या दोन वर्षांत गाड्या बनल्या फक्त ७०४. तिचं खास फीचर होतं एअर सस्पेन्शन. चारही चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे रबरी कप्पे. कॉम्प्रेसर हवा पुरवायचा आणि व्हॉल्व्ह वजनाप्रमाणे ती कमी-जास्त करायचे, म्हणजे मागे तिघं बसले तरी गाडी सपाटच. कल्पना भारीच! पण हवा गळायची आणि रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली दिसायची. वैतागून अनेक मालकांनी साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या.

आज अशी गाडी रिस्टोर करायची म्हणजे तिचं मूळ एअर सस्पेन्शन पुन्हा चालू करायचं. काम खर्चिक आणि किचकट. कॉइल स्प्रिंग तशाच ठेवल्या किंवा नवीन एअर किट बसवलं, तर ते मॉडिफिकेशन. गाडी खरोखर चालवायची असेल तर त्यात काहीच गैर नाही, असं मला वाटतं. फक्त चॅसी कापायची नाही, बोल्टने बसेल तेवढंच बसवायचं. आणि काढलेले जुने व्हॉल्व्ह भंगारात अजिबात देऊ नका, ७०४ गाड्यांचे पार्ट शोधणार कुठे?