करून बघायला हरकत आहे

कंपवाताच्या रुग्णाच्या घरी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. गोळ्यांचा असर ओसरत चाललाय, आजार काही थांबत नाही. मग मूळपेशी, त्याही स्वतःच्याच शरीरातल्या, टोचून बघायला काय हरकत? अमक्याला गुण आला म्हणे! यामागची तगमग मला पूर्ण मान्य आहे. युक्तिवाद मात्र तपासाला टिकत नाही.

आधी 'गुण आला'चे पाहू. अमेरिकेत कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्णांवर केलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. २० जणांच्या मेंदूत भ्रूणातील डोपामिन बनवणाऱ्या पेशी सोडल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला नुसतीच भोके पाडली. कोणाला काय मिळाले, हे ना रुग्णांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. वर्षभराने स्वतःच्या प्रकृतीविषयी रुग्णांनी जे सांगितले, त्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पुढे यांतल्याच ३० जणांचा अभ्यास झाला. आपल्याला पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते, त्यांचे जीवनमान अधिक चांगले निघाले, मग पेशी खरोखर मिळालेल्या असोत वा नसोत. ही माणसे खोटे बोलत नव्हती. म्हणूनच प्रामाणिक रुग्णाचा अनुभवही इथे पुरावा ठरत नाही.

आणि हरकत? साठीपर्यंतच्या रुग्णांच्या हालचाली काहीशा सुधारल्या होत्या, हे खरे. पण तुलनेच्या गटातल्या काहींनाही नंतर पेशी दिल्या गेल्या, आणि अशा एकूण ३३ जणांपैकी ५ जणांना, तेही याच वयोगटातल्या, पुढे अनावर हालचालींनी गाठले. औषध कमी करून, बंद करूनही त्या थांबेनात. गोळी बंद करता येते, मेंदूत रुजलेली पेशी वेचून काढता येत नाही.

'स्वतःच्याच पेशी' हा दिलासाही पोकळ आहे. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढून शिरेवाटे दिलेल्या पेशी बऱ्याचशा फुफ्फुसांतच अडकतात. याउलट क्योतोच्या ज्या चाचणीने २०२५मध्ये आशा जागवली, तिच्यातल्या पेशी परक्या दात्याच्या होत्या. प्रयोगशाळेत घडवून त्या थेट मेंदूत सोडल्या. ७ रुग्णांत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, मोजमाप झालेल्या ६ पैकी ४ जणांच्या औषधाविना हालचाली सुधारल्या. मला ही वाट खरी वाटते. तरीही त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि २००१ नंतर ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे मान्यताप्राप्त चाचणीबाहेरच्या अशा वापराला गैरवर्तन मानतात. त्यामुळे दागिने मोडण्यापूर्वी कुटुंबाने एवढे विचारावेच: ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का, आणि असेल तर पैसे कशाचे?