फादर स्टॅन स्वामींची आठवण

आवणीच्या दिवसांत, ५ जुलैला, आम्ही फादर स्टॅन स्वामींची आठवण काढतो.

ते मूळचे तमिळनाडूचे, जन्म १९३७ चा. कॅथलिक धर्मगुरू. झारखंडच्या आदिवासींमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. जमीन घेताना ग्रामसभेला का विचारलं नाही? खटला न चालवता पोरं तुरुंगात का ठेवली? हेच ते विचारत राहिले.

ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले. तळोजा तुरुंगात कंपवातानं त्यांना पेला धरवत नसे. पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, ते मुंबईच्या दवाखान्यात वारले. खटला सुरूच झाला नव्हता, जामीनही मिळाला नव्हता.

आपला सुरगाणाही पेसा क्षेत्रातला. २०१८ मध्ये आपल्याच बाया वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला पायी गेल्या. फादर तिकडं तेच मागत होते.

म्हणून ग्रामसभेत ठराव मोठ्यानं वाचून घ्यायचा, कळला नाही तर विचारायचं, मगच सही-अंगठा. त्यांची आठवण ठेवायची ती अशी.