पहिली ओवी कोणाला?

फराळाची ताटे उचलली जातात, मंडळी ऐसपैस बसतात, आणि गप्पांना एक ठरलेले वळण लागते. कोणीतरी विचारतो, "आयुष्यभरात ऐकलेल्या गाण्यांतली तुमची पहिली दहा कोणती?" झाले! आजोबा नाट्यगीतापासून खाली उतरायला तयार नसतात, काकांच्या यादीत सी. रामचंद्रांचाच मळा फुललेला असतो, सूनबाईंना भावगीते हवी असतात, आणि नातवंडांची यादी तर भाऊबीज उजाडेपर्यंत बदललेली असते. भांडण मोठे गोड, पण निकाल कधीच लागत नाही. तो का लागत नाही, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते. गाण्यांना क्रमांक लावण्याची ही हौस आपल्याकडे आली कुठून, आणि वेळोवेळी तो क्रमांक लावला कोणी?

शोधासाठी फार दूर जायला नको. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, मावळच्या हद्दीला टेकून कासारसाई नावाचे गाव आहे. आज गावाजवळ धरणाचे पाणी पसरले आहे. कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकारामांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. आणि जवळच हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. सुटीच्या दिवशी शहरातली तरुण मंडळी धरणाच्या काठी तंबू ठोकतात. जवळ मुठीएवढे यंत्र असते आणि त्यात हजारो गाणी असतात. बोट लावले की हवे ते गाणे हजर.

पण ह्याच मुळशी-मावळच्या घराघरांतून, पिठाची गिरणी येण्यापूर्वी, दिवस सुरू होई तो जात्याच्या घरघरीने. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात पडत, मुठीमुठीने वैरण जात्याच्या तोंडात जाई, आणि ओठांवर ओवी येई. ह्या ओव्यांत एक जुनी रीत होती. पहिली ओवी, दुसरी ओवी, तिसरी ओवी, असा आकडा घालून त्या गायच्या. म्हणजे गाण्याला क्रमांक देणे हे आपल्या आज्या-पणज्यांना नवीन नव्हते. फक्त त्यांच्या क्रमांकाचा अर्थ वेगळा होता. पहिली ओवी सर्वांत सुरेल, दुसरी तिच्याहून जरा कमी, असा तो हिशेब नव्हे. पहिली ओवी कोणाला वाहायची, दुसरी कोणाला, हा तो हिशेब. एखादी पहिली देवाला देई, एखादी आईबापांना. मग पाठचा भाऊ येई, लेकरू येई, पंढरीचा विठोबा येई. क्रमांक गाण्याचा नसे, माणसाचा असे.

येथून देहूही लांब नाही. तिकडच्या भजनातही क्रम असतो. आधी रूपाचे अभंग, मग पुढची मालिका, आणि शेवटी भैरवी. पण म्हणून आधीचा अभंग श्रेष्ठ आणि नंतरचा कनिष्ठ, असे कोणत्याही वारकऱ्याच्या मनात येत नाही.

गुणाप्रमाणे निवड करायची सवय लागली ती नाटकगृहात. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला संगीत नाटकाचे वेड लागले. ‘सौभद्र’ झाले, 1911 साली गोविंदराव टेंब्यांच्या चालींचे ‘मानापमान’ आले, 1916 साली भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे ‘स्वयंवर’ आले. पद आवडले की पिटातून ‘वन्समोअर’ची आरोळी उठे. बालगंधर्वांच्या नाटकांना पहाट उजाडे, ती काही संवादांमुळे नव्हे! कोणते पद किती वेळा परत गायिले गेले, ही त्या काळची मतमोजणीच होती. मात्र परत गायिलेले पद पहिल्यासारखे कधीच नसे. नवी जागा, नवी तान, नवी लकेर. ज्याला मत दिले तेच पुन्हा मिळेल, अशी खात्री तेव्हा नव्हती.

ती खात्री तबकडीने दिली. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला गौहरजान ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर गायिली, आणि गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत सांगून मोकळी झाली. लाखेची ती तबकडी मिनिटाला सुमारे 78 फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. चावी द्यायची, नवी सुई बसवायची, आणि ऐकायचे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवताना गवयांचा जीव कासावीस झाला असेल. पण ऐकणाऱ्याच्या हाती एक अपूर्व गोष्ट आली. तेच गाणे, तसेच्या तसे, शंभर वेळा! दोन वस्तूंची तुलना करायची तर त्या जागच्या हलता कामा नयेत. गाणे तबकडीत स्थिर झाले, तेव्हाच त्याला गुण देता येऊ लागले.

भावगीताचा जन्मही ह्याच तीन मिनिटांच्या पाळण्यात झाला. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघरी पोचली. कविता मराठी, चाल सोपी, लांबी बेताची. लग्नकार्यात लाऊडस्पीकरवाला मांडवाच्या खांबाला कर्णा बांधी, आणि ज्या घरी ग्रामोफोन नव्हता त्या घरीही गाणे जाऊन बसे.

ह्यानंतर आली नभोवाणी, आणि तिच्याबरोबर एक गमतीदार योगायोग. 1952 साली केंद्रातले माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे गेले. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोनला लावला! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सायानींचा आवाज बुधवारी रात्री आठ वाजता घरात येऊ लागला. आरंभी सात गाणी वाजवीत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा, असा खेळ होता. पहिल्याच कार्यक्रमाला हजारो पत्रे आली, आणि पुढे ती उघडता उघडता माणसे थकली. मग दुकानांतली तबकड्यांची विक्री आणि श्रोतासंघांची मते पाहून क्रमांक ठरू लागला. 1953 सालच्या वार्षिक यादीत पहिले आले ते ‘अनारकली’ चित्रपटातले गाणे. आवाज लता मंगेशकरांचा, चाल सी. रामचंद्रांची. एका मराठी मंत्र्याने जे गाणे दाराबाहेर घालवले, त्याला एका मराठी संगीतकाराने आणि एका मराठी गायिकेने समुद्रापलीकडच्या केंद्रावरून देशभर पहिल्या पायरीवर नेऊन बसवले!

ह्या मोजणीने सामान्य ऐकणाऱ्याला मान दिला, हे कबूल केले पाहिजे. कोणा पंडिताने न विचारता आपल्या आवडीला किंमत आली. पण ह्या मोजणीला एक डोळा नव्हता. ज्या गाण्याची तबकडीच निघाली नाही, ते तिला दिसतच नसे. जात्यावरच्या ओवीची विक्री कोणत्या दुकानात होणार?

इकडे आकाशवाणीही स्वस्थ बसली नव्हती. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले होते. त्या केंद्रावरून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गीते झाली 56. आठवडाभर लोक पुढच्या गीताची वाट पाहत. कित्येक घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून माणसे बसत. पुढे फडक्यांच्या आवाजात त्याच्या लाँग-प्ले तबकड्या निघाल्या आणि मराठी घरांत त्या पोथीसारख्या जपल्या गेल्या. आता ह्या 56 गीतांना पहिला-दुसरा क्रमांक लावून पाहा. जमत नाही. शेजारच्या गीताचा हात सोडवून एकट्याला पुढे आणले, की काहीतरी तुटते. भजनाच्या मालिकेचा जुना धडा नभोवाणीने असा पुन्हा गिरवून घेतला.

आणि ‘आपली आवड’ आठवते ना? फर्माइशीची पत्रे जात. गाण्याआधी नावे वाचली जात, गावे वाचली जात. गाणे तर पुष्कळदा ऐकलेलेच असे. कान असे तो त्या नावांकडे! आपले नाव आले, की त्या दिवशी ते गाणे सगळ्या गावात आपल्या मालकीचे.

पुढे कॅसेट आली, तबकडी माळ्यावर गेली. मग कॅसेटही माळ्यावर गेली. गीतमाला 1989 साली विविध भारतीवर आली आणि 1994 पर्यंत चालली. सायानी 2024 साली गेले. मोजण्याची साधने अशी एकामागून एक मावळली.

आणि त्या ओव्या? गिरणी आली आणि जाते परसात उलथे पडले. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनी जाणले, की जात्याबरोबर एक अख्खे वाङ्मय मुके होत आहे. मुळशीच्या डोंगराळ गावांतल्या बायकांपासून त्यांनी आरंभ केला. महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव लिहून ठेवले. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’ ह्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहात त्या आज ऐकायला मिळतात. त्यांत सीतेचा वनवास आहे, भावाची वाट पाहणे आहे, सासरचा जाच आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. मुठीएवढ्या यंत्रात आता त्याही मावतात!

तेव्हा पहिल्या दहांचा वाद का मिटत नाही, हे आता उघड आहे. आजोबा ज्या पदाला पहिले म्हणतात, त्याच्यामागे त्यांना प्रथम नाटकाला नेणारा कोणीतरी उभा असतो. सूनबाईंच्या भावगीतामागे माहेरचे स्वयंपाकघर असते. आपण गुण देत आहोत असे वाटते आपल्याला. खरे म्हणजे आपण ओव्या वाहत असतो. दुकानाचा आकडा वर्षभर टिकला, वन्समोअरची आरोळी रात्रभर टिकली. जात्यावरचा आकडा मात्र अजून चालतो आहे, कारण तो माणसांचा आहे.

घरात कोणी ऐंशीच्या पुढची आजी असेल, तर तिला पहिली दहा गाणी विचारू नका. पहिली ओवी तू कोणाला वाहायचीस, एवढेच विचारा. ती सांगेल ते लिहून घ्या, आणि खाली तिचे नाव आणि गाव घालायला विसरू नका.