वॉल्टर स्पिंक

वॉल्टर एम. स्पिंक (इ.स. १९२८ – इ.स. २०१९) हे अमेरिकन कला-इतिहासकार आणि अजिंठा लेण्यांचे अभ्यासक होते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याची महायानकालीन लेणी अवघ्या वीस वर्षांच्या आत कोरली गेली, या मतासाठी ते ओळखले जातात.

कारकीर्द

हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यानंतर स्पिंक यांनी ब्रँडाइस आणि पुढे मिशिगन विद्यापीठात अध्यापन केले. अनेक वर्षे ते अजिंठ्यास येऊन प्रत्यक्ष लेण्यांमध्येच अभ्यासवर्ग घेत असत.

लघु कालगणना

अजिंठ्याचा दुसरा कालखंड पाचव्या ते सातव्या शतकापर्यंत चालला, असे पूर्वी मानले जात असे. स्पिंक यांच्या मते हे काम वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात, इ.स. ४६२ च्या सुमारास सुरू झाले आणि ४८० पर्यंत थांबले. यासाठी त्यांनी केवळ शैलीवर विसंबून न राहता अपूर्ण राहिलेले कोरीव काम, दारे बसवण्याच्या बदलत गेलेल्या पद्धती आणि दारांच्या खोबणींची झीज यांचा पुरावा घेतला. लेणे क्र. १६ मधील मंत्री वराहदेवाचा आणि क्र. २६ मधील भिक्षू बुद्धभद्राचा शिलालेख यांचाही त्यांनी आधार घेतला. दंडीच्या 'दशकुमारचरित' या ग्रंथात वाकाटकांच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब आहे, हे वा. वि. मिराशी यांचे मत त्यांनी आपल्या मांडणीत स्वीकारले.

धर्मेतिहासाच्या दृष्टीने या मांडणीला विशेष महत्त्व आहे. स्पिंक यांच्या मते आरंभी विहार केवळ भिक्षूंच्या निवासासाठी आखले गेले. बुद्धमूर्तीचे गर्भगृह नंतर आले. हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रय संपला, तेव्हा मूळ आराखडा बाजूला ठेवून भिक्षू व उपासकांनी मोकळ्या भिंतींवर स्वतंत्र बुद्धमूर्ती घाईघाईने कोरून घेतल्या.

मूल्यमापन

हरिषेणाचा काळ हा अजिंठ्याचा मुख्य निर्मितिकाळ होता, हे मत आज बहुतांश अभ्यासकांना मान्य आहे. मात्र प्रत्येक टप्प्याला जवळजवळ वर्षवार तारीख देण्याची त्यांची पद्धत आणि काही आश्रयदात्यांची ओळख यांविषयी मतभेद आहेत.

ग्रंथ

'अजंता टू एलोरा' (१९६७) या ग्रंथात त्यांनी अजिंठा ते वेरूळ या विकासक्रमाचा विचार केला आहे. 'अजंता : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ इ.स. २००५ पासून सात खंडांत प्रसिद्ध झाला.