देवी काढणे आणि मानमोडी

बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव आज पुष्कळांना केवळ फिरावयास जाण्याची जागा म्हणून ठाऊक असते. येथे पूर्वी जनावरांच्या कातडीवर वाढविलेली देवीची लस तयार होई. पुढे शीतशुष्क लस करणाऱ्या भारतातील चार संस्थांत बेळगावची गणना झाली. १९७५ साली देवीच्या रोगाचा या देशातून उच्छेद झाला, त्या यशात आमच्या या गावाचाही वाटा आहे.

ही लस टोचण्यास आम्ही ‘देवी काढणे’ म्हणू लागलो, यात मोठा समंजसपणा होता. जिच्या कोपाच्या भयाने नवस बोलले जात, तिचेच नाव उपायालाही मिळाले. श्रद्धा आणि उपाय यांचा तंटा भाषेनेच घरातल्या घरात मिटविला.

इन्फ्ल्यूएंझाच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. जून १९१८ मध्ये हा ताप मुंबईत उतरला; सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, अधिक घातक लाट आली. बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. कित्येक भागांत लोकांनी या साथीस ‘मानमोडी’ म्हटले. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबईत पहिली देवी १८०२ साली काढली गेली होती. मानमोडीवर मात्र लस नव्हती, कारण माणसातील तिचा विषाणू १९३३ सालीच हाती लागला. त्या पिढीस दोष कोणत्या न्यायाने द्यावा?

२००९ साली तसे नव्हते. नव्या विषाणूची ओळख काही आठवड्यांतच पटली. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात देशातील पहिला बळी गेला. निपाणीवरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या त्या टोकाशी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची लस सिद्ध केली. ती जुलै २०१० मध्ये बाजारात आली, आणि १० ऑगस्टला जागतिक साथ संपल्याची घोषणा झाली! कायद्याच्या भाषेत बोलावयाचे, तर दावा खरा, पुरावा भक्कम. पण मुदत टळत आलेली.

तथापि तो विषाणू गेला नाही. त्याचे वंशज आजही दरवर्षी फिरतात, आणि वार्षिक लसीत त्यांच्याविरुद्धचा अंश असतो. आता मुदत टळली, तर ती आपल्याच हातून टळेल.

ही लस बहुधा कोंबडीच्या अंड्यात वाढवितात, म्हणून काही शाकाहारी घरांत संकोच असतो. तो आम्हांस समजतो. परंतु जनावराच्या कातडीवरील लस आमच्या आज्या-पणज्यांनी दंडावर घेतली, आणि त्यांच्या देवघरातील समई विझली नाही. जत्रेत व उत्सवात गर्दी होणारच. देवस्थानच्या पंचांनी पावसाळ्यापूर्वी वृद्धांना, गरोदर स्त्रियांना आणि दम्या-मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टरांचा सल्ला घेऊन लस टोचून घ्यावयास सांगितले, तर तीही देवाचीच सेवा होईल.

‘देवी काढणे’ हा शब्द ज्यांनी घडविला, त्यांना हे पटवावे लागले नसते.