२३ नोव्हेंबर : टागोरांचा शमी

रवींद्रनाथ टागोरांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ आजच्या दिवशी, १९०७ साली, मुंगेर येथे पटकीने गेला. अकरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. पूजेच्या सुट्टीत मित्राबरोबर तो तिकडे गेला होता. आजाराची बातमी कळताच रवींद्रनाथ कलकत्त्याहून धावले, पण उपाय चालला नाही. योगायोग असा क्रूर की, पाच वर्षांपूर्वी याच तारखेला शमीची आई मृणालिनीदेवी गेली होती. मधल्या काळात बहीण रेणुका आणि आजोबा देवेंद्रनाथही गेले. थोरला भाऊ रथींद्रनाथ तेव्हा शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत होता.

शमी वडिलांच्याच शांतिनिकेतनातल्या शाळेत शिकला. नाटकाची आणि कवितेची त्याला भारी हौस. त्याच वर्षी वसंत पंचमीला त्याने सवंगडी जमवून ऋतूंचा उत्सव केला. मोठ्यांनी आखलेला तो कार्यक्रम नव्हता, हे महत्त्वाचे! पुढे रवींद्रनाथांनी ऋतूंवर नाटके लिहिली, गाणी रचली. त्यामागे शमीचा तो खेळ नव्हता असे कसे म्हणावे?

मुलाच्या मृत्यूचे त्यांनी जाहीर प्रदर्शन मांडले नाही. पंचवीस वर्षांनी मुलगी मीरा हिचा तरुण मुलगा जर्मनीत वारला, तेव्हा तिला लिहिलेल्या सांत्वनपत्रात मात्र शमी गेल्यानंतरच्या रात्रीचा आगगाडीचा प्रवास आणि बाहेरचे चांदणे त्यांनी आठवले.

शांतिनिकेतनचा वसंतोत्सव आज देशभर ठाऊक आहे. त्याचा आरंभ शमीच्या त्या उत्सवापासून मानतात.